दुसऱ्याचा हात

१२ ऑक्टोबर २००९, सोमवार

हे डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. टीना मॅडम म्हणाल्या, "अल्काजी, रोज का दर्द लिखिए. एक से दस में कितना." मी विचारलं, दहाच्या पुढचं असलं तर कुठं लिहू? त्या हसल्या नाहीत. ते मला आवडलं.

टीना मॅडम म्हणजे गोंदियातल्या फिजिओथेरपीवाल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांच्याआधी तीन डॉक्टर झाले. तिघांनीही एक्स-रे उजेडापुढं धरला आणि मनगटाचं हाड जुळलं म्हणून सांगितलं. एक तर रत्नपालकडं बघून म्हणाला, "इनको आराम की आदत हो गई है." टीना मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि हात पाहिला. उजवा हात जांभळट, चकचकीत, डाव्यापेक्षा फुगलेला, वरून जुनी मऊ ओढणी गुंडाळलेली. ती ओढणी काढायला मी अर्धा तास घेतला. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ये नाटक नहीं है. इस बीमारी का नाम है." नाव इंग्रजीत, लांबलचक, माझ्या काही लक्षात राहिलं नाही. पण नाव आहे म्हटल्यावर मी तिथंच रडले.

रत्नपाल म्हणजे माझा नवरा. घरात "अहो" म्हणते. वहीत तरी नाव घेते.

आजचा आकडा: नऊ.

१४ ऑक्टोबर

विहारात वंदनेला गेले. आमचं अख्खं मुर्री गाव आलं होतं. मी मागं भिंतीला लागून उभी राहिले, कुणाचा धक्का नको म्हणून. ओळखीची बाई जवळ आली की मीच दोन पावलं मागं सरते. लोकांना वाटतं मला गर्व झाला.

झालं कसं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. जुलैमध्ये माझ्या माहेरून, सौंदडहून, मोटरसायकलवर येत होतो. पाऊस नुकता थांबला होता. रेल्वे फाटकावर ओल्या पटरीवरून चाक सरकलं. मी हात टेकला आणि मनगट मोडलं. रत्नपालला खरचटलंसुद्धा नाही. कुणाची चूक नव्हती. सहा आठवडे पलास्टर होतं. ते निघालं आणि हे सुरू झालं. वारा लागला तरी आग. चादरीचा काठ लागला तरी आग.

पलास्टर निघाल्यापासून रत्नपाल बाहेरच्या खोलीत खाट टाकून झोपतो. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. गाडीला ताडपत्री घालून ठेवली आहे, पायीच ड्यूटीवर जातो. पेट्रोल महाग झालं असेल.

३ नोव्हेंबर

आज कापूस.

टीना मॅडमनी कापसाचा बोळा घेतला आणि म्हणाल्या, कोपरापासून खाली घासायचं, दिवसातून पाच वेळा, आपल्याच हातानं. मी बोळा मनगटाच्या चार बोटं वरपर्यंत नेला आणि तिथंच थांबले. पुढं जाईना. घाम फुटला. इकडं धान कापणीला लागलेल्या बाया विळ्यानं बोट कापून घेतात, चिंधी बांधतात आणि पुन्हा वाकतात. आणि मी कापसाला भिते.

"डर किस बात का है?" त्यांनी विचारलं.

"दुखेल त्याचं."

"अभी दुख रहा है?"

नव्हतं. बोळा अजून लागलाच नव्हता. तरी माझा श्वास चढलेला. दुखतं ते कोणतं आणि दुखेल असं वाटतं ते कोणतं, हे मला आता वेगळं सांगता येत नाही.

१९ नोव्हेंबर

कापूस झाला. टॉवेल झाला, अर्धाच. आता तांदूळ. टोपल्यात तांदूळ भरायचा आणि त्यात हात बुडवून बोटं हलवायची. सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"खाचं अन्न हाये ते! त्यात कायले हात घालून बसली?"

"मॅडमनं सांगितलं जी."

"मॅडमले सांग, आमच्या टायमाले हात मोडला का दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवण्यावर जात होतो."

पार्वताबाई, माझ्या सासूबाई, तोंडानं अशा. पण टोपलं उचलून खाटेखाली ठेवतात त्याच. कुत्रं तोंड घालेल म्हणतात.

तांदूळ मात्र फार चांगला मिळाला आहे. एक खडा नाही, एक काडी नाही. यंदा मिलवाल्यानं बरा माल दिला. परवा रत्नपालला सुट्टी होती, तर दिवसभर ओसरीत भिंतीकडं तोंड करून सूप घेऊन बसला होता. मी बोलायला गेले तसा उठून बाहेर गेला. माझ्याशी दोन शब्द बोलायचासुद्धा त्याला कंटाळा येतो आता.

आकडा: सात. हात बुडवताना नऊ.

८ डिसेंबर

अंगणवाडीत जाऊन आले. माझी जागा सध्या वच्छला सांभाळते. ती मदतनीस आहे, पण सगळं माझ्याहून नीट करते. माझ्यादेखत वजन करणं चाललं होतं. काट्याच्या झोळीत बाळ ठेवायचं, एक हात खाली धरायचा, दुसऱ्यानं आकडा पाहायचा. सतरा वर्षं केलं मी हे. आम्हाला मूल झालं नाही, पण सतरा वर्षांत माझ्या हातावर शेकड्यांनी बाळं झोपली आहेत. आज मी दाराशी उभी होते. वच्छलानं पोरांना आधीच बजावलं होतं, "बाईले हात नाई लावाचा." बावीस पोरं दूर रांगेत उभी राहून मला नमस्ते करत होती.

पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, मार्चपर्यंत पाहू. त्यानंतर त्यांच्याही हातात नाही.

वच्छला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाई, तुम्ही लवकर या. मले रजिस्टर लिहिता येते, पन पोरं गाणं तुमच्यावानी म्हणत नाईत."

१५ डिसेंबर

आज टीना मॅडमनी नीट समजावलं. म्हणाल्या, हाड जुळलं, मांस जुळलं, पण डोक्याला अजून कळलंच नाही. ते अजून जुलैमध्येच बसलं आहे. म्हणून कापूस लागला तरी ओरडतं. दुखलं म्हणजे काहीतरी मोडतं आहे, असं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगत होते. रत्नपाल दारात बूट काढत होता. तो रेल्वेत गँगमन आहे, पटरीच्या देखभालीवर. खाली बघतच म्हणाला, "म्हनजे गाडी निघून गेली, तरी फाटकवाल्याले खबर नाई."

मी "हो, अगदी तसंच" म्हणून वळले, तर तो हातपाय धुवायला गेला होता. महिन्याभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

२ जानेवारी २०१०

उजव्या हातानं लिहिते आहे! फक्त एवढीच ओळ

११ जानेवारी

थंडीत हात निळा पडतो आणि जास्त जळतो. पण आरशाचं काम चांगलं चाललं आहे. दोन्ही हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, उजवा हात त्याच्या मागं लपवायचा, आणि डावा हलवत आरशात पाहायचं. आरशात वाटतं उजवाच हलतो आहे. मऊ, बिनदुखता. मूठ मिटते, उघडते, बोटं नाचतात. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं नुसती त्याच्याकडं बघत बसले. आपल्याच हाताची इतकी आठवण येऊ शकते, हे मला माहीत नव्हतं.

त्या हातानं काय काय केलं ते आठवत बसले. भाकरी थापली, फळ्यावर "क" काढला. लग्नानंतर पहिल्यांदा नागझिऱ्याला गेलो होतो. जंगलात पायवाटेवर रत्नपाल माझा हात धरायचा, जीपवाले दिसले की सोडायचा, मग पुन्हा धरायचा. एवढं आठवून मी आरसा पालथा घातला.

२१ जानेवारी

आज जे झालं त्याचा राग अजून उतरला नाही.

आता दुसऱ्याच्या हाताची पाळी आहे. टीना मॅडम म्हणतात, आपला हात आपल्याला लागतो ते वेगळं आणि दुसऱ्याचा लागतो ते वेगळं. कधी लागेल, किती लागेल, हे आपल्याला कळत नाही, म्हणून भीती तिथंच जास्त असते. घरच्या माणसानं रोज दहा मिनिटं हळूहळू चोळायचं. मी म्हटलं, सासूबाई करतील. त्यांनी विचारलं, "और मिस्टर?" मी म्हटलं, ड्यूटी असते. तर त्यांनी फोन करून त्यालाच बोलावून घेतलं.

आला. गणवेशातच. मॅडमनी त्याला समोर बसवलं, त्याच्या हातावर तेल घातलं आणि म्हणाल्या, "बस, ऐसे रखिए. हल्के से." त्यानं हात पुढं केला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला. मी डोळे मिटून बसले. काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर त्याचा हात तिथंच होता आणि तेल जमिनीवर गळत होतं.

"मायाच्यानं होत नाई," म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

परक्या बाईसमोर. नवऱ्याला आपल्याला हात लावायचीसुद्धा किळस येते, हे सगळ्यांना कळलं. टीना मॅडम मात्र दाराकडं बघत म्हणाल्या, "अल्काजी, मुझे लगता है मेरे दो पेशंट हैं." मला तो विनोद आवडला नाही.

१ फेब्रुवारी

रत्नपाल सौंदडला गेला. तिकडच्या गँगमध्ये माणसं कमी आहेत, चार-पाच महिने तिकडंच राहायचं, सुट्टीला इकडं. मी म्हटलं, रेल्वेवाले असेच, कुणालाही उचलून कुठंही टाकतात. पिशवीत चिंध्या भराव्यात तसे त्यानं कपडे कोंबले. मी एका हातानं घड्या करून देत होते, तर म्हणाला, "राहू दे, तुले तरास होईल."

फाटकापर्यंत गेले. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मी कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

९ फेब्रुवारी

बाजारात त्याच्या गँगचा केवलराम भेटला. म्हणाला, "वहिनी, भाऊनं सौंदडले अर्ज कायले केला? इथं तं घर होतं."

अर्ज.

म्हणजे मागून घेतलं.

२४ फेब्रुवारी

पंधरा दिवस काही लिहिलं नाही. तांदूळ नाही, आरसा नाही. ओढणी पुन्हा गुंडाळली. ओढणीत बरं वाटतं. कुणी लावत नाही आणि कुणी लावत नाही म्हणून वाईटही वाटत नाही, आहेच हात बांधलेला.

बोटं पुन्हा आखडली. आकडा आठ.

आज टीना मॅडम स्वतः घरी आल्या, स्कूटीवर, विचारत विचारत. मी सगळं सांगितलं, अर्जाचंही. मग त्यांनी विचारलं, "आप किसके लिए ठीक होना चाहती हैं?"

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि मधेच म्हणाल्या, "मायासाठी करून घे वो. मी म्हातारी किती दिवस भाकरी थापू?" आणि बशी खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या. ओढणी सोडली. त्यांचा हात सुपासारखा रुंद, भेगा पडलेला. मी ओरडले. त्यांनी काढून घेतला नाही. म्हणाल्या, "वरड. बहिरी हावो मी एका कानानं." हात चार बोटं पुढं सरकवायच्या, थांबायच्या, पुन्हा सरकवायच्या. दहा मिनिटं झाली तेव्हा माझा पदर भिजला होता. पण हात जागेवर होता. मोडला नव्हता.

मॅडमनी सांगितलं ते रोज करायचं ठरलं. दुखणं चढतं तेव्हा श्वास लांब सोडायचा आणि ते उतरेपर्यंत थांबायचं. ते उतरतं. हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी थांबलेच नव्हते.

१८ मार्च

सोमवारपासून अंगणवाडीत जाते आहे. वच्छला वजन करते, मी लिहिते. उजव्या हातानं, सावकाश. पोरांना मीच सांगितलं, हात लावला तर चालेल, पण आधी सांगून लावायचं. आता बावीस जण दिवसभर विचारतात, "बाई, लावू?" एक चिमुरडी विचारते, लावते, पुन्हा विचारते. तिला लावण्यापेक्षा विचारण्यातच मजा येते.

रत्नपाल होळीला आला होता. दोन दिवस राहिला. मी उजव्या हातानं त्याच्या ताटात भात वाढला. त्यानं हाताकडं पाहिलं, भात तसाच ठेवून पाणी प्यायला, मग खाली मान घालून सगळं जेवला. हात धुऊन बाहेर गेला. म्हणजे झालेलं बरं त्याला दिसलंही नाही.

सासूबाई मात्र तो गेल्यावर म्हणाल्या, "तू त्याच्यासंग बोलत काऊन नाईस?"

"तेच बोलत नाहीत."

"तो लहानपनी बी असाच. गाईचं वासरू त्याच्या हातून दावणीत अडकून मेलं होतं, तं सालभर गोठ्यात गेला नाई. गायीकडं पाहेच ना." आणि त्या चुलीकडं वळल्या.

मी वासराचं काय सांगताहेत म्हणून ऐकून घेतलं. हे लिहिताना मात्र माझा पेन थांबला आहे.

२१ एप्रिल, बुधवार

सकाळच्या पॅसेंजरनं सौंदडला गेले. खरं कारण कुणाला न सांगता. सासूबाईंना सांगितलं, माहेरी जाते. खोटं नाही, गाव तेच.

जुलैनंतर पहिल्यांदा गर्दीत चढले. हात छातीशी धरून, ओढणी न गुंडाळता. हिरडामाली आलं आणि टोपलीवाल्या बाया चढल्या, मोहफुलं घेऊन. डबा भरला. एका बाईनं टोपली वर ठेवायला हात उचलला आणि तिचं कोपर सरळ माझ्या मनगटावर. डोळ्यांपुढं पांढरं झालं. ती म्हणाली, "लागलं का वो बाई?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही. उतरून परत जावं असं वाटलं. पण गाडी सुटली होती. श्वास लांब सोडत राहिले. गोंगली येईपर्यंत दुखणं उतरलं. पुरतं नाही. बसण्यापुरतं.

स्टेशनपासून पटरीच्या कडेनं चालत गेले. एक किलोमीटरवर गँग दिसली. उन्हाळ्यात भल्या पहाटे काम सुरू करतात, म्हणून आटोपत आलं होतं. रत्नपालनं लांबून ओळखलं आणि हातोडा टाकून पळतच आला.

"काऊन आली? मायले काई झालं?"

"नाही. मीच आली."

"एकटी? गाडीनं? कोनी धक्का देल्ला असता तं?"

"देल्ला ना."

तो माझ्या तोंडाकडं पाहतच नव्हता. हाताकडं पाहत होता. बाकीची माणसं डबे घेऊन पुढच्या झाडाखाली गेली. आम्ही पटरीजवळच, सावलीच्या पट्ट्यात बसलो.

"अर्ज तुम्ही केला," मी म्हटलं.

"हो."

"माझी किळस येते तर तसं सांगायचं."

त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाला, "अठरा वर्सं झाली पटरीवर. नव्या पोराइले पयलं हेच सांगतो, ओल्या पटरीवर चाक तिरपं घालू नोका. अन् तुले मागं बसवून मीच घातलो."

"मी कधी म्हटलं का तुमच्यानं झालं म्हणून?"

"नाई म्हटली. तू शिव्या देल्ल्या असत्या तं मले झोप तरी आली असती."

"चूक नव्हती तुमची." नऊ महिने मला वाटत होतं की हे त्याला माहीत आहे.

तो दगडी गिट्टी बोटानं उकरत होता. म्हणाला, "पलास्टर निघालं त्या दिवशी तुयावर चादर घातली मी. तू वरडली. तसा आवाज मी माणसाचा कधी आयकला नोहोता. मायाच हातानं निघाला. तवापासून हात उचलत नाई माया."

मला ते ओरडणं आठवतच नाही. खरंच नाही. आतापर्यंत कितीदा ओरडले, त्यातलं कोणतं होतं ते?

"हात द्या," मी म्हटलं.

"खरबडे हायेत. ग्रीस लागलं."

"द्या."

त्यानं तळवा पँटीला पुसला, दोनदा, आणि वर करून माझ्यापुढं ठेवला. नुसता ठेवला, धरला नाही. मग मीच माझा हात त्यात ठेवला. निखाऱ्यावर ठेवल्यासारखा. श्वास सोडला, पुन्हा सोडला.

"दुखते?"

"हो."

"काढू?"

"नका."

तेवढ्यात पुढून शिट्टी झाली. मालगाडी. आम्ही उठून कडेला सरलो, त्याच्या तळव्यात माझा हात तसाच. इंजिन अंगावरून गेल्यासारखं गेलं, वारा आला, धूळ आली, खालची जमीन हलायला लागली. आणि गाडी आली की माणसाला घट्ट धरायचं, ही त्याची अठरा वर्षांची सवय. त्यानं माझा हात पूर्ण मुठीत आवळला.

मी ओरडले. जोरात, तोंड उघडून. डब्यांमागून डबे जात होते. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याचे डोळे चाकांवर होते आणि मूठ तशीच. मी ओढून घेतला असता तर सुटला असता. मी ओढला नाही.

शेवटचा डबा गेला. गार्डनं झेंडी हलवली. एकदम सगळं शांत झालं.

तो माझ्याकडं वळला. "तू काई म्हटली का?"

"नाही," मी म्हटलं.

दुपारच्या गाडीनं परत आले. रविवारी येतो म्हणाला. हात अजून जळतो आहे. आज बुधवार.